भट्टी, राख आणि दरसूची



ज्या अभियंत्याच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आपली सारी हयात पाटबंधाऱ्यांच्या कामांवर घालविली, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली काही मंडळी आज समोर बसलेली मला दिसत आहेत. तेव्हा त्यांच्या गुणवर्णनात तुमचा वेळ घेण्यापेक्षा त्यांच्याच व्यवसायातील एका निकडीच्या प्रश्नाचा आज येथे विचार करावा, हे मला अधिक उचित वाटते. विषय काँक्रीटचा आहे. किंवा अधिक नेमके बोलायचे तर, काँक्रीटपायी हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड, ज्याला आपण आज सोयीसाठी कर्बवायू म्हणू, तो कमी कसा करता येईल याचा आहे. विषय रुक्ष आहे हे मी आधीच कबूल करतो. परंतु माझे म्हणणे असे आहे की कमी उत्सर्जनाचे काँक्रीट करण्याचे शास्त्र आपल्या हाती केव्हाच आलेले आहे, त्याला लागणारा माल आपल्याच मुलखात पडून आहे, आणि तरीही ते आपल्या कामांवर यावे तितके येत नाही, याचे कारण कोणत्याही प्रयोगशाळेत सापडणार नसून निविदांच्या कलमांत, दरसूचीच्या रकान्यांत आणि कामावरच्या आपल्या उतावीळपणात सापडेल.

प्रथम मूळ दुखणे कोठे आहे ते पाहू. खडी, वाळू, पाणी आणि सिमेंट या चार जिनसांचे काँक्रीट होते. त्यांत सिमेंट वजनाने जेमतेम सातवा-आठवा हिस्सा असते, पण उत्सर्जनाचे खाते मांडले तर बहुतेक सारी रक्कम त्याच्याच नावावर पडते. १८२४ साली लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन या गवंडीकाम करणाऱ्या गृहस्थाने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, तेव्हापासून आजपर्यंत यंत्रे बदलली, इंधने बदलली, पण मूळ कृती बदललेली नाही. चुनखडी आणि माती यांचे दळण सुमारे १४५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजायचे आणि त्यातून निघणाऱ्या काळपट गोट्या, म्हणजे क्लिंकर, थोड्या जिप्समबरोबर बारीक दळायच्या, एवढीच ती कृती आहे. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली असता ५६ किलो चुना हाती लागतो आणि उरलेले ४४ किलो कर्बवायूच्या रूपाने धुराड्यातून निघून जातात. हा वायू कोळशातून आलेला नसतो, तो दगडातच कोंडलेला असतो, आणि चुना हवा असेल तर त्याला मोकळे केल्यावाचून गत्यंतर नाही. एक टन क्लिंकरमागे असा अर्धा टनाहून किंचित अधिक वायू केवळ दगडातून येतो. इंधनाचा त्यात मिळविला तर बेरीज आठशे-नऊशे किलोपर्यंत जाते. उद्या सारी भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालविण्याची युक्ती साधली तरी पहिला अर्धा टन चुकणार नाही. जगात वर्षाला सुमारे ४०० कोटी टन सिमेंट तयार होते आणि मनुष्याच्या व्यवहारातून निघणाऱ्या एकंदर कर्बवायूपैकी सात-आठ टक्के वायू या एका धंद्याच्या माथी येतो. या उत्पादनात चीनच्या खालोखाल क्रमांक आपला आहे. यावरून एवढे तरी उघड व्हावे, की या रोगावरचे औषध मुळात एकच आहे, ते म्हणजे क्लिंकर कमी वापरणे, आणि बाकीचे उपाय हे बहुतांशी त्याचेच पोटभेद आहेत.

क्लिंकरवाचून बांधकाम होते काय, असे कोणी विचारील. होत असे, आणि हे सांगताना प्राचीन भारताचा अभिमान मिरविण्याचा माझा मुळीच इरादा नाही, कारण रोमन लोकही तेच करीत. पोत्सुओलीच्या ज्वालामुखी राखेत चुना मिसळून त्यांनी पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट उभा केला, त्यात सळईचा एक तुकडा नाही, आणि तो घुमट एकोणीसशे वर्षे शाबूत आहे. आपल्याकडे ज्वालामुखीच्या राखेचे काम विटांच्या सुरखीने केले. बैलाच्या घाणीत चुना आणि सुरखी तासन्‌तास मळली जात असे आणि त्या मसाल्यावर पूल, वाडे, धरणे उभी राहत. प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले ते चुन्यातल्या दगडी बांधकामाचे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात हयातीची उमेदीची वर्षे घालविलेल्या विश्वेश्वरय्यांनी म्हैसूरला जाऊन कावेरीवर कृष्णराजसागर बांधण्यास घेतले, तेव्हा तेथेही सुरखीचाच मसाला वापरला गेला. स्वातंत्र्यानंतर भाक्रा धरणाच्या काँक्रीटमध्येही सिमेंटच्या काही हिश्शाऐवजी भाजलेल्या मातीचे चूर्ण घालण्यात आले, आणि अशा चूर्णासाठी भारतीय मानक १३४४ देखील केलेले आहे. म्हणजे भाजलेली माती ही काही परवा-तेरवा परदेशातून आलेली कल्पना नव्हे.

मग मधल्या काळात आपल्या मनात सिमेंटची एवढी भक्ती कोठून शिरली? माझ्या समजुतीप्रमाणे तिचा उगम टंचाईत आहे. सिमेंट नियंत्रित होते, परमिटावर मिळत होते, त्या परमिटांवरून या राज्याचे राजकारणही एकदा हादरून गेले. १९८२ साली नियंत्रण अंशतः उठले व १९८९ साली पुरते उठले. जी वस्तू दुर्मिळ तिच्या ठायी गुण अधिक, असे माणसाचे मन धरून चालते. पोती जितकी अधिक तितकी मजबुती अधिक, हा हिशेब घरमालकाच्या, गवंड्याच्या आणि दुर्दैवाने कित्येक शाखा अभियंत्यांच्याही मनात त्या काळी कायमचा बसला. आणि सिमेंटात दुसरे काही मिसळणे म्हणजे भेसळ, ही समजूतही त्याच काळची. चोरी होत नव्हती असे मी म्हणत नाही. चोरी होत होती, आणि ती रोखण्यासाठी केलेले नियम आज कसे आडवे येतात ते मी पुढे सांगणार आहे.

राखेला भेसळ म्हणणाऱ्यांसाठी थोडे रसायन सांगितले पाहिजे. सिमेंटला पाणी लागले की दोन वस्तू निर्माण होतात. एक खडी-वाळूला बांधून ठेवणारा घट्ट लेप, आणि दुसरा बळाच्या दृष्टीने निरुपयोगी असा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुनाच, जो काँक्रीटच्या पोटात नुसता पडून राहतो आणि पुढे पाण्याबरोबर झिरपून पांढरे डाग दाखवितो. औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातून पकडलेली उडती राख ही काचेसारख्या सूक्ष्म गोलकांची बनलेली असते व तिच्यातील सिलिका या पडून राहिलेल्या चुन्याशी संयोग पावून पुन्हा तोच घट्ट लेप तयार करते. जो चुना वाया जाणार होता तो कामी येतो, छिद्रे बुजतात, आणि राखेचे कण गोल असल्यामुळे मिश्रण कमी पाण्यातही सहज सरकते. हा संयोग सावकाश होतो, एवढी एकच त्यात अडचण आहे. भारतीय मानकाप्रमाणे पोर्टलंड पोझोलाना सिमेंटमध्ये पस्तीस टक्क्यांपर्यंत राख चालते, आणि आज दुकानात घरमालक जे पोते विकत घेतो ते बहुधा याच जातीचे असते. ज्याला राखेचा तिटकारा आहे त्याच्या स्वतःच्या घराचा स्लॅब राखेचाच असतो!

राख आपल्याकडे किती आहे हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाहून अधिक असते, आणि कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, भुसावळ, एकलहरे या केंद्रांभोवती तिचे तलाव साचलेले आहेत. २०२२ च्या जुलैत कोराडीच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटून राखेचा गाळ आसपास पसरला, तेव्हा या साठ्याची किंमत गावकऱ्यांना वेगळ्या रीतीने मोजावी लागली. १९९९ पासून केंद्र सरकारने राखेच्या वापराविषयी अधिसूचना काढलेल्या आहेत आणि वीजकेंद्राच्या परिसरातील बांधकामांना ती वापरण्याचे बंधनही घातलेले आहे. फर्मान निघाले एवढ्याने काम होत नाही, हा आपला जुनाच अनुभव आहे.

पण जेथे मनापासून काम झाले तेथे काय झाले, याचा एक दाखला मला सविस्तर द्यावासा वाटतो, कारण तो आपल्याच राज्यातला आहे आणि त्याची व्हावी तितकी चर्चा झालेली नाही. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या अगदी कड्यावर घाटघर आहे. वर एक जलाशय, कड्याखाली शहापूर तालुक्याच्या बाजूस दुसरा. विजेची मागणी नसेल तेव्हा पाणी वर चढवायचे आणि मागणी चढली की तेच पाणी भूमिगत वीजगृहातून खाली सोडायचे, अशी २५० मेगावॉटची ती योजना आहे. तिच्यासाठी खाली ८६ मीटर उंचीचे धरण बांधायचे होते, आणि ते रोलरने दाबलेल्या काँक्रीटचे बांधावे असे पाटबंधारे खात्याने ठरविले. अशा पद्धतीची धरणे आपल्या देशात त्यापूर्वी नव्हती. या काँक्रीटमध्ये बंधक द्रव्याचा निम्म्याहून अधिक हिस्सा राखेचा होता.

ती पद्धत जवळून पाहण्याजोगी असते. नेहमीचे काँक्रीट घमेल्यातून ओघळते; हे मिश्रण इतके कोरडे की मुठीत दाबले तर बेसनाच्या लाडवासारखे वळावे. डंपरने ते आणून टाकायचे, डोझरने सुमारे फूटभर जाडीचा थर पसरायचा आणि रस्त्याच्या कामावर चालतो तसा कंप देणारा रोलर त्यावरून फिरवायचा. फेऱ्या पुऱ्या होत आल्या की पृष्ठभाग किंचित ओलसर दिसू लागतो, पायाखाली तो बारीकसा लवतो, आणि त्यावरून जाणता मुकादम ओळखतो की थर बसला. तो थर ताजा असतानाच वरचा थर यायला हवा, नाहीतर दोहोंमध्ये सांधा राहतो व तेथून पाणी झिरपते; म्हणून एकदा काम सुरू झाले की रात्रंदिवस चालते. एवढ्या मोठ्या ठोकळ्यात शुद्ध सिमेंट घातले असते तर ते घट्ट होताना निर्माण होणारी उष्णता आतच कोंडून धरणाला तडे गेले असते. राख ही उष्णता कमी करते. उष्णतेसाठी आणि खर्चासाठी राख निवडली गेली, कर्बवायूचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात मुख्य नव्हता. पण जो हिशेब आज परिषदांतून मांडला जातो तो घाटघरच्या कड्याखाली आपल्या अभियंत्यांनी या शतकाच्या पहिल्याच दशकात प्रत्यक्ष उतरविला होता.

मग जे धरणाला चालते ते इमारतीला का चालू नये? येथे आपण खऱ्या अडचणीपाशी येतो, आणि ती अडचण काळाची आहे. काँक्रीटचे बळ मोजण्यासाठी १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून, पाण्यात ठेवून, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी फोडण्याचा शिरस्ता आहे, आणि आय. एस. ४५६ या आपल्या मुख्य संहितेत अठ्ठावीस दिवसांचे बळ प्रमाण धरलेले आहे. राखेचे काँक्रीट त्या दिवशी थोडे मागे असते, नव्वदाव्या दिवशी मात्र साध्या काँक्रीटला गाठते व पुष्कळदा मागे टाकते. धरणे बांधणाऱ्यांनी हे ओळखून आपला हिशेब नव्वद दिवसांच्या वा त्याहूनही पुढच्या बळावर बसविला, कारण धरणावर पाण्याचा भार येण्यास वर्षे लागतात. आता बारा मजली इमारतीच्या पायाचा विचार करा. त्या पायावर पुरता भार केव्हा येतो? वरचे मजले चढून, भिंती होऊन, माणसे सामानासह राहावयास येतात तेव्हा, म्हणजे दीड-दोन वर्षांनी. अशा पायाच्या राफ्टला, पाइलला, तळघराच्या भिंतीला अठ्ठाविसाव्या दिवशीच पूर्ण बळ हवे हा आग्रह कशासाठी? छप्पन किंवा नव्वद दिवसांचे बळ तेथे प्रमाण मानले तर निम्मे सिमेंट राखेने किंवा लोखंडाच्या झोतभट्टीतील धातुमळीने भागविता येते, आणि ही सवलत केवळ जाडजूड भागांपुरती ठेवली तरी तीतून होणारी बचत थोडी नव्हे.

स्लॅबची कथा निराळी आहे, तेथे घाई असते. ठेकेदाराच्या सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू भाड्याचे असतात, ते खालच्या मजल्यावरून निघाले तरच वर लागतात, आणि संहितेत लहान गाळ्याच्या स्लॅबचे टेकू काढण्यास जो सात दिवसांचा संकेत दिला आहे तो साध्या सिमेंटसाठी आहे, मिश्र सिमेंटसाठी नव्हे. ही जोखीम खोटी नाही. त्याहून गंभीर आक्षेप असा, की राखमिश्रित काँक्रीटला पाणी नीट मारले नाही तर त्याच्या पृष्ठभागाची छिद्रे उघडीच राहतात, हवेतला कर्बवायू आत शिरतो, सळईभोवतीचे क्षारधर्मी संरक्षण नष्ट होते आणि सळई गंजू लागते. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. मात्र त्यातला अपराधी राख नसून पाणी न मारणारा आहे. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस काँक्रीट सतत ओले ठेवावे, असे संहिता स्पष्ट सांगते. प्रत्यक्षात काय घडते? पहिल्या दिवशी स्लॅबवर वाफे करून पाणी भरतात, तिसऱ्या दिवशी वाफे सुकतात, कॉलमला गुंडाळलेले गोणपाट वाऱ्यावर फडफडू लागते, आणि साहेबांची गाडी दिसली की नळी सुरू होते. ज्या तालुक्यांत पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरतात तेथे हे अधिकच बिकट आहे. तेथे ओले गोणपाट प्लॅस्टिकने झाकणे किंवा पाणी धरून ठेवणारा लेप फवारणे हा मार्ग धरला पाहिजे, आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात निराळे दाखविले पाहिजेत, कारण जे काम निराळे मोजले जात नाही ते आपल्याकडे होत नाही.

धातुमळीविषयी फार बोलण्याचे कारण नाही. तिचे सिमेंट जुने आहे, त्यात सत्तर टक्क्यांपर्यंत मळी चालते, खाऱ्या पाण्याला ते साध्या सिमेंटपेक्षा चांगले तोंड देते, आणि कोकणपट्टीवर डोलवीसारख्या ठिकाणी ते तयारही होते. किनाऱ्यालगतच्या कामात कोणी केवळ सवयीने साधे सिमेंट वापरीत असेल तर ते मला अनाकलनीय वाटते. परंतु मळी असो की राख, दोन्हींचा पुरवठा मर्यादित आहे. मळी लोखंड-पोलादाच्या उत्पादनाच्या प्रमाणातच निघणार, आणि कोळशाची वीज पुढेमागे कमी व्हायची आहे. एका कामाने मळी अधिक उचलली तर दुसऱ्याला ती तितकी कमी पडते, आणि पृथ्वीच्या दृष्टीने जमाखर्च तेथेच राहतो. म्हणून आज राख वापरीत असतानाच उद्याची तजवीज करणे प्राप्त आहे.

ती तजवीज पुन्हा मातीतच आहे. लोझान येथील कॅरेन स्क्रिव्हेनर यांनी क्यूबातील शास्त्रज्ञांच्या आणि दिल्ली व मद्रास येथील आय. आय. टी.च्या साहाय्याने एक मिश्रण सिद्ध केले आहे, ज्यात क्लिंकर अवघे पन्नास टक्के, भाजलेली माती तीस, न भाजलेली चुनखडी पंधरा आणि जिप्सम पाच टक्के असते. माती आठशे अंशांच्या आसपासच भाजावी लागते आणि भाजताना तिच्यातून कर्बवायू नव्हे तर पाण्याची वाफ निघते. चुनखडी तर कच्चीच दळायची असते. एकटी माती किंवा एकटी चुनखडी एवढे काम करीत नाही, परंतु मातीतील ॲल्युमिना आणि चुनखडी यांचा संयोग होऊन छिद्रे बुजतात आणि निम्म्या क्लिंकरवर जवळजवळ पूर्ण सिमेंटचे बळ येते. उत्सर्जन यामुळे तीस ते चाळीस टक्के घटते. २०२३ साली भारतीय मानक १८१८९ या क्रमांकाने या सिमेंटला आपल्याकडे अधिकृत मान्यता मिळाली. यासाठी लागणारी केओलिनयुक्त माती आपल्याला परक्या मुलखातून आणावयाची नाही, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत चिनी मातीचे साठे आहेत. येथे मला एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. कोकणातील डोंगरांनी खाणींचे पुष्कळ सोसले आहे, आणि पर्यावरणाच्या नावाने आणखी एक डोंगर उघडा करण्याची सूट कोणालाही मिळता कामा नये. या सिमेंटला कपबशांची शुभ्र माती लागत नाही. केओलिन चाळीस टक्के असलेली हलकी मातीही चालते, आणि चालू खाणींवर बाजूला टाकलेल्या अशाच मातीपासून आरंभ करावा.

धुराड्यातला वायू पकडून जमिनीखाली कोंडण्याचीही विद्या आहे. नॉर्वेतील ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यात वर्षाला ४ लाख टन वायू पकडण्याची यंत्रणा २०२५ साली सुरू झाली. दगडातून निघणाऱ्या त्या अटळ हिश्शासाठी शेवटी असेच काही करावे लागेल. पण ते खर्चाचे काम आहे, आणि तो खर्च न करता जे पुष्कळसे साधता येते त्याला फाटा देऊन या यंत्राची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नव्हे.

आता मी ज्या नियमांविषयी बोलण्याचे वचन दिले होते त्यांकडे वळतो. सरकारी बांधकामात प्रत्येक घनमीटरमागे सिमेंट किती खपले पाहिजे याचे कोष्टक असते, काम झाल्यावर कारकून ते दप्तरातल्या खपाशी ताडून पाहतो, आणि खप कमी आढळला तर ठेकेदाराकडून वसुली होते. पोती चोरीला जात त्या काळी हा नियम योग्यच होता. आज त्याचा अर्थ असा होतो, की हुशारीने मिश्रण रचून सिमेंट वाचविणारा दंडास पात्र ठरतो आणि उधळणारा निर्दोष सुटतो! बळ कमी पडले तर अभियंत्याला जाब विचारला जातो, सिमेंट जास्त घातले म्हणून आजवर कोणाची खातेनिहाय चौकशी झाल्याचे मी ऐकलेले नाही. सबब तोही आपल्या जिवाच्या भीतीने दोन पोती अधिकच लिहितो, आणि त्याला दोष देणे मला जमत नाही. या कोष्टकाच्या जागी ठोकळ्यांच्या चाचणीचा दाखला आणि तयार काँक्रीटच्या कारखान्यातील वजनकाट्याची नोंद हे पुरावे मानले जावेत. दरसूचीत मिश्र सिमेंटच्या काँक्रीटची बाब निराळी असावी, पायाच्या कामाला छप्पन दिवसांच्या बळाची मुभा असावी, आणि मोठ्या कामांच्या निविदेत दर घनमीटरमागे किती कर्बवायू होईल तो आकडा ठेकेदाराने लिहून द्यावा. यातील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही, खात्याचे परिपत्रक पुरते.

शेवटी या सभागृहातील घरमालकांना आणि होऊ घातलेल्या घरमालकांना माझी एक विनंती आहे. आपले घर बांधावयास काढाल तेव्हा ठेकेदाराला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: सिमेंट कोणत्या मानकाचे आहे, टेकू कितव्या दिवशी काढणार, आणि दहा दिवस पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची. पहिल्याचे उत्तर पोत्यावर छापलेले असते, दुसऱ्याचे आपल्या अभियंत्याकडून घ्यावे, आणि तिसऱ्याचे उत्तर मिळाले तरीही दहाही दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतः वर जाऊन स्लॅब पाहावा.